पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज

संपादकांनी यंदा ‘उजेड’ हा विषय दिला आणि बजावलं, की पणत्या-कंदिलांवर लिहू नका. उजेड जिथे अडतो तिथे जाऊन या. मी शिकागोत राहते. इथून पूर्वेला मोटारीनं दोनेक तास गेलं की इंडियाना राज्यातलं एल्खार्ट लागतं. मोटारीमागे जोडून ओढत न्यायची घरं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, अमेरिकेत मुख्यतः या गावात आणि आजूबाजूच्या गोशेन, मिडलबरी, नापानी अशा गावांत तयार होतात. करोनाच्या दिवसांत लोकांना विमान नको, हॉटेल नको, असं झालं आणि २०२१ या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाखांवर फिरती घरं बाहेर पडली. त्यांतली काही आपल्या मराठी मंडळींनीही घेतली.

तसलंच एक घर माझ्या ओळखीच्या काका-काकूंचं. काका मूळचे मिरजेचे, वडिलांचे दोन ट्रक होते. नोकरीची सगळी वर्षं शिकागोच्या उपनगरात गेली आणि निवृत्तीनंतर दोघांनी सव्वीस फुटी ट्रेलर घेतला. त्यांचा फोन आला तेव्हा ते मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर, वाळूच्या टेकड्यांमागच्या एका कॅम्पग्राउंडवर मुक्कामाला होते.

“अगं, छताचे दिवे जातात. फ्यूज बदलला की येतात, आणि जरा हललं की परत जातात. उद्या एक टेक्निशियन यायचाय. तुला बघायचं असेल तर ये.”

मागून काकूंचा आवाज आला, “तिला सांगा येताना बॅटरी घेऊन ये. अंधारात स्वयंपाक करतेय मी.”

दोन विजा, एक घर

ट्रेलरच्या आत दोन वेगवेगळ्या विजा नांदतात. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून जाड केबलनं येते ती १२० व्होल्टची. तिच्यावर एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालतात. छताचे दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं नियंत्रण हे सगळं मात्र १२ व्होल्टवर असतं, मोटारीसारखंच. खांबावरची वीज असली तर कन्व्हर्टर नावाचा खोका तिचे बारा व्होल्ट करून देतो. नसली तर पुढच्या दांड्यावर बसवलेली बॅटरी देते. म्हणून तर जंगलात, कुठल्याही खांबापासून मैलोन्‌मैल दूर, हे घर रात्री उजळतं.

बारा व्होल्टला माणूस घाबरत नाही. कोरड्या हातानं दोन्ही टोकं धरली तरी झटका बसत नाही. धोका वेगळ्याच बाजूनं येतो. एका एलईडी दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. पण जाणारी वायर दिव्यापर्यंत पोचायच्या आत कुठे उघडी पडली आणि चासीला किंवा परतीच्या वायरला टेकली, तर विजेला अडवायला मध्ये फक्त त्या तांब्याचा स्वतःचा रोध उरतो, आणि तो नगण्य. वायरिंगला वापरतात तसल्या चौदा गेजच्या तारेवर पाच मीटर अंतरावर असा शॉर्ट झाला तर चांगली भरलेली बॅटरी त्यातून शंभराहून जास्त अँपिअर सोडू शकते. तार चुलीतल्या सळईसारखी तापते, आणि ती असते पातळ प्लायवूड आणि फोमच्या भिंतीच्या पोटात.

हे होऊ नये म्हणून फ्यूज. ट्रेलरमध्ये मोटारीतलेच चपटे, दोन पायांचे फ्यूज असतात आणि रंगावरून ओळखायचे: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. चौदा गेजच्या तारेला निळा. ज्या वायरीला तो राखतो तिच्याआधी वितळणं हे त्याचं काम.

काकांच्या ट्रेलरमध्ये फ्यूजची पेटी फ्रिजखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. तिच्याजवळच्या वाटीत काकूंनी मेलेले निळे फ्यूज जमवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी टेक्निशियननं आल्या आल्या ती वाटी उचलली आणि एकेक फ्यूज खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. आतली पट्टी नुसती वितळून तुटली असेल तर बहुधा भार जास्त झालेला असतो. इथे मात्र प्लास्टिकच्या आतून काळा-चंदेरी शिंतोडा उडालेला होता. म्हणजे भार हळूहळू वाढला नव्हता, वायर थेट कुठेतरी टेकत होती.

मग त्यानं काकांना विचारलं, वीसचा किंवा तीसचा घालून बघितला नाहीत ना? काकांनी मान हलवली. “वडिलांच्या ट्रकची वायरिंग अशीच जळली होती. क्लीनरनं फ्यूजच्या जागी तार गुंडाळली होती.” टेक्निशियन जमिनीवर बसला होता तो उठला आणि त्यानं काकांचा हात हातात घेतला. असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला फारसं भेटत नसावं.

भिंत बंद होण्यापूर्वी

एल्खार्टला जाऊन एका कारखान्याची फेरी केली तेव्हा अशी भिंत तयार होताना पाहता आली. आधी लोखंडी चासी, तिच्यावर जमीन, मग कपाटं आणि ओटे, आणि त्यानंतर भिंती उभ्या करून वर छत. वायरी ओढायचं काम या धांदलीतच होतं. हातात दाबाच्या हवेवर चालणारी स्टेपलगन घेतलेली माणसं शिडीवरून उतरायच्या आत पुढच्या माणसाचा स्क्रूड्रायव्हर सुरू झालेला असतो. इथल्या पुष्कळ कारखान्यांत पाळी पहाटे सुरू होते आणि मजुरी ट्रेलरच्या संख्येवर असते. ठरलेला आकडा पूर्ण झाला की दुपारी घरी. त्यामुळे वेग अफाट असतो. बहुतेक स्टेपल आणि स्क्रू बरोबर जागी बसतात. एखादा वायरीच्या अंगाला घासून जातो, आणि तो ज्याच्या हातून जातो त्याला ते कधी कळत नाही, कारण वायर आतल्या बाजूला असते. ट्रेलर कारखान्यातून निघतो तेव्हा सगळे दिवे लागलेले असतात.

या कामगारांत आमिश समाजाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या घरांत सार्वजनिक विजेची जोडणी नसते. धर्मनियमानं ती वर्ज्य आहे. पण संध्याकाळी या भागातल्या रस्त्यांवर त्यांच्या काळ्या घोडागाड्या निघतात तेव्हा मागे लाल दिवे लुकलुकत असतात आणि ते बॅटरीवर चालतात. जिथे बॅटरी, वायर आणि खडखडणारं चाक एकत्र आलं तिथे घासलेली वायरही आलीच; ही माणसं दिवसा जे बांधतात त्याचं दुखणं त्यांना स्वतःच्या गाडीवरूनही ठाऊक असणार.

गावातल्या संग्रहालयात १९१३ सालचा अर्ल ट्रेलर ठेवला आहे, आज टिकून असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरांतला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. लाकडी, उंच, सुताराच्या हातचा. त्याच्या बाजूला उभं राहिल्यावर जाणवतं, की सगळे जोड डोळ्यांना दिसतात. आजच्या ट्रेलरमध्ये जोड दिसू नयेत यासाठी मेहनत घेतलेली असते, आणि बिघाड शोधणाऱ्याची सगळी लढाई तिथूनच सुरू होते. त्यात भर म्हणजे बारा व्होल्टच्या वायरी कुठून कुठे गेल्या आहेत याचा नकाशा मालकाला बहुधा मिळतच नाही. काकांना मिळालेल्या जाडजूड पुस्तकात टीव्ही कसा लावावा यावर पानं होती. छताच्या दिव्यांची वायर कुठल्या भिंतीतून जाते यावर एक ओळ नव्हती. लाखो लोक झोपतात त्या घराबाबत हे मला अक्षम्य वाटतं.

फ्यूजच्या जागी बल्ब

इकडे काकांच्या ट्रेलरमध्ये टेक्निशियननं पहिल्यांदा वीज येण्याच्या सगळ्या वाटा मोजल्या: खांबावरची केबल काढली, छतावरच्या सौर पॅनेलची जोडणी सोडवली, बॅटरीची ऋण तार वेगळी केली. मग मल्टीमीटर लावून फ्यूजच्या रिकाम्या खाचेपासून चासीपर्यंतचा रोध पाहिला. काटा काहीच दाखवेना. वायर त्या क्षणी कुठेही टेकलेली नव्हती. कधी टेकणारा, कधी न टेकणारा शॉर्ट सर्वांत चिवट असतो. मीटर ज्या क्षणी लावला त्या क्षणापुरतंच तो सांगतो. शिवाय दिवे जुन्या तारेच्या बल्बचे असते तर थंड तारेचा रोध इतका कमी असतो, की मीटरनं धडधाकट दिव्यालाही शॉर्ट म्हटलं असतं.

मग त्यानं खिशातून मोटारीच्या मागच्या इंडिकेटरचा जुना बल्ब काढला. त्याला दोन वायरी डकवलेल्या होत्या आणि टोकांना चपटे पाय. ते पाय त्यानं निळ्या फ्यूजच्या जागी खोचले आणि बॅटरी पुन्हा जोडली. बल्ब पेटला नाही.

काका एकदम पुढे झाले. “अगं, हा तर आपल्याकडच्या वायरमनचा टेस्ट लॅम्प! मिरजेच्या नाक्यावर गॅरेजात असाच टांगलेला असायचा. ट्रक चोवीस व्होल्टचा, म्हणून बल्बही चोवीसचा.”

या बल्बाची गंमत अशी. वायर कुठेही टेकलेली नसेल आणि दिव्यांची बटणं बंद असतील, तर त्यातून वीज वाहायला वाटच नसते. तो विझलेला राहतो. शॉर्ट झाला की बॅटरीचे सगळे बारा व्होल्ट त्याच्यावर येतात आणि तो लख्ख पेटतो. पेटलेला असताना तो दोनच अँपिअरच्या आसपास वीज पुढे जाऊ देतो, त्यामुळे भिंतीतली वायर तापत नाही. फ्यूज एकदा उडाला की मुका होतो. हा बल्ब मात्र शॉर्ट आहे तोवर पेटतो, सुटला की विझतो, आणि असं दिवसभर करू शकतो.

काकूंना फ्रिजसमोर पाटावर बसवलं. काम एकच: बल्बावरून नजर हलवायची नाही. टेक्निशियन भिंतीवर, छतावर, कपाटांवर मुठीनं ठोकत निघाला.

“नाही… नाही… नाही… लागला! गेला. परत लागला!”

काकू मराठीत ओरडत होत्या आणि त्याला कळत होतं. दरवाज्याच्या बाजूच्या भिंतीवर ठोकलं की बल्ब पेटत होता. पण ठोक्याचा हादरा सगळ्या भिंतीतून पसरतो, म्हणून तेवढ्यावर विसंबायचं नाही. त्यानं छताच्या ओळीतला मधला दिवा उतरवला. हे दिवे साखळीनं जोडलेले असतात. एका दिव्यात वायर येते आणि तिथूनच पुढच्याकडे जाते. पुढे जाणारी वायर त्यानं सोडवली. आता कितीही ठोकलं तरी बल्ब गप्प. म्हणजे पेटीपासून इथपर्यंतचा अर्धा भाग निर्दोष. ती जोडून त्यानं दरवाज्याकडे उतरणारा फाटा सोडवला, पुन्हा ठोकलं. पुन्हा गप्प. सव्वीस फुटांच्या घरातली संशयाची जागा आता दोन-अडीच हातांवर आली होती, आणि अजून एकही पॅनेल फोडलेलं नव्हतं. नवशिके इथेच घाई करतात आणि भिंत उघडतात, असं तो म्हणाला.

त्याच दोन-अडीच हातांत काकांनी मारलेला एक हुक होता. मागच्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला. काकांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळेच झालं बघ हे.” काकू पाटावरून म्हणाल्या, “अहो, आधी बघू तर द्या त्याला.”

टेक्निशियननं हुक फिरवून काढला, स्क्रूचे आटे नखानं चाचपले. कोरडे, स्वच्छ, टोकाला लाकडाचा भुसा. त्यानं हुक काकांच्या हातात ठेवला आणि भिंतीवर ठोकलं. बल्ब पेटला. कंदील सुटला.

मग तो दारावरच्या कपाटाकडे वळला. हे कपाट कारखान्यात पाच-सहा स्क्रूंनी भिंतीच्या ॲल्युमिनियम पट्टीत आवळलेलं होतं. तो प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सैल करून थांबे आणि काकूंकडे पाही. डावीकडून तिसरा सैल होताना बल्ब लुकलुकला, आणि स्क्रू बाहेर आल्यावर त्यानं कितीही ठोकलं तरी बल्ब पेटला नाही. तो स्क्रू मी हातात घेतला. गरजेपेक्षा लांब होता. मधल्या तीन-चार आट्यांवर काजळी धरली होती आणि एका आट्याच्या कडेला केसाएवढं तांबं चिकटलेलं होतं.

काय झालं असावं याचा उलगडा मग सोपा होता. स्क्रूनं पहिल्या दिवशी वायरीचं आवरण नुसतं चाटलं. त्यानंतर ट्रेलर हजारो मैल खडखडला, उन्हात पसरला, हिवाळ्यात आकसला, आणि प्रत्येक हादऱ्यानं आवरण थोडं थोडं झिजलं. स्क्रू ॲल्युमिनियम पट्टीत, पट्टी चासीला जोडलेली, चासी बॅटरीच्या ऋण टोकाला. तांबं ज्या दिवशी आट्याला लागलं त्या दिवशी पहिला निळा फ्यूज गेला.

मागचे लाल दिवे

त्या दुपारी टेक्निशियनला शेजारच्या एका ट्रेलरचंही काम होतं आणि ते बाहेरच्या दिव्यांचं होतं. ट्रेलरचे मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर ओढणाऱ्या गाडीकडून येतात, सात पायांच्या एका जाड प्लगमधून. इथे रंगांचा घोळ फार आहे. या फिरत्या घरांच्या जुन्या रिवाजात हिरवी वायर म्हणजे टेल लाइट आणि तपकिरी म्हणजे उजवा इंडिकेटर. मालवाहू आणि बोटींच्या ट्रेलरांकडे जास्त चालणाऱ्या रिवाजात नेमकं उलटं: तपकिरी टेल लाइट, हिरवी उजवा इंडिकेटर. दोन्ही रिवाज एकाच रस्त्यावर धावतात. कुणी रंगाला रंग जुळवून जोडलं की उजवीकडे वळताना मागची सगळी लाल ओळ लुकलुकते. बॅटरीच्या खोक्यातही असंच: मोटारीत काळी वायर ऋण, ट्रेलरमध्ये पुष्कळदा काळी धन आणि पांढरी ऋण. मोटारीच्या सवयीनं हात चालला की बॅटरी उलटी लागते आणि कन्व्हर्टरमधले उलट्या जोडणीसाठीच ठेवलेले दोन मोठे फ्यूज क्षणात जातात. त्यामुळे जाणता माणूस रंग वाचत नाही, मीटर लावतो.

शेजाऱ्याची तक्रार होती, पाऊस पडला की ओढणाऱ्या पिकअपचा फ्यूज उडतो. पावसाशी नातं असलेला शॉर्ट शोधायला छताची कड आधी बघायची. ८० इंचांहून रुंद ट्रेलरला इथल्या कायद्यानं वरच्या कडांना रुंदी दाखवणारे दिवे आणि मागे वर मधोमध तीन लाल दिवे लावावे लागतात. प्रत्येक दिव्यासाठी पत्र्याला एक भोक. त्याभोवतीचं सीलंट वाळून तडकलं की पाणी आत शिरतं, सॉकेटवर हिरवट क्षार साचतो आणि ओल्या दिवशी तोच क्षार विजेला वाट देतो. मागच्या डाव्या कोपऱ्यातला दिवा उघडला तेव्हा आत चमचाभर पाणी होतं.

सगळेच बाहेरचे चाळे शॉर्टचे नसतात, हेही तिथेच कळलं. डावा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही बाजूचे दिवे मंद लुकलुकत असतील तर बहुतेक वेळा पांढरी परतीची वायर गंजून सुटलेली असते आणि वीज ट्रेलर जोडायच्या हिचच्या गोळ्यातून, दुसऱ्या दिव्यातून, मिळेल त्या वाटेनं परत जाऊ पाहते. काकांनी त्याला दोन शब्दांत नाव दिलं: “अर्थ कच्चा.” आपल्याकडच्या महामार्गावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला एवढं सांगितलं की पुढचं त्याला कळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशी घरं कोकणच्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या घाटांत फिरू लागतील तेव्हा त्यांचे दिवे सांभाळायला लागणारं ज्ञान नाक्यानाक्यावरच्या गॅरेजांत आधीपासून आहे. पावसाळी हवा आणि खारा वारा यांची त्यात मोठी परीक्षा होईल, आणि धोरण राबवणाऱ्यांनी या वायरमनांना आत्तापासून सोबत घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

जोड

काकांच्या ट्रेलरमधली दुरुस्ती शोधापेक्षा खूपच लवकर झाली. खरचटलेल्या जागेवर नुसती टेप गुंडाळायला त्यानं साफ नकार दिला. टेपचा गोंद उन्हानं सुटतो आणि दोन उन्हाळ्यांत जागा पुन्हा उघडी पडते. जखमी तुकडा कापून काढला, तेवढ्याच जाडीची नवी वायर घेतली, दोन्ही जोड दाबून बसवले आणि वरून गरम हवेनं आकसणारी नळी चढवली. जोड भिंतीत गाडला नाही. कपाटाच्या आतून हात पोचेल असा ठेवला. वायर जिथे ॲल्युमिनियमच्या भोकातून जाते तिथे रबरी कडं बसवलं. कारखान्यातून ते आलेलंच नव्हतं. तिसरा स्क्रू आखूड घातला, दोन बोटं बाजूला सरकवून.

मग बल्ब काढून नवा निळा फ्यूज. काकूंनी बटणं एकेक करून लावली. टेक्निशियननं सगळे दिवे लागलेले असताना भिंतीवर पुन्हा मुठीनं ठोकलं, दार धाडकन आपटलं, काकांना पायरीवर उड्या मारायला लावल्या. फ्यूज टिकला.

त्याच्या बिलात सामानाचे पैसे फारच थोडे होते, बाकी सगळा वेळ. काकांनी ते न कुरकुरता दिले आणि तो टेस्ट लॅम्प बनवायला कुठला बल्ब घ्यायचा ते विचारून घेतलं. त्यानं क्रमांक लिहून दिला: ११५६. तो पुढच्या ट्रेलरकडे गेला. तिथे कुणाचा हीटर चालत नव्हता आणि रात्र गारठ्याची होती.

काकांनी मग जाड मार्कर काढला. कपाटाच्या आतल्या पाठीवर, जिथून वायर जाते तिथे त्यांनी वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, कोपऱ्यापासून किती इंचांवर ते मोजून लिहिलं आणि बाजूला मराठीत: ‘इथून वायर. लांब स्क्रू नको.’ काकूंनी वाचून मार्कर हातातून घेतला. “अहो, ट्रेलर उद्या दुसऱ्याला विकला तर त्याला कसं कळायचं?” आणि खाली तेच इंग्रजीत लिहिलं. छताच्या बाकीच्या दिव्यांचा मार्ग अजून आखायचा होता. काका स्टुलावर चढले, काकूंनी टेप धरली आणि दोघं पुढच्या दिव्याकडे सरकले.